अपराधाचे वजन

गॉथिक भयकथेतील काळोख्या धर्मप्रतिमांचे आकर्षण बहुधा निषिद्धाच्या ओढीने स्पष्ट केले जाते. कादंबरीपुरते हे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी पटते. ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ (१७६४) आणि ‘द मंक’ (१७९६) या कादंबऱ्यांचे कर्ते प्रॉटेस्टंट इंग्लंडमधले होते. कॅथलिक मठ, तळघरे, पापनिवेदन हा त्यांच्या वाचकांना परका, म्हणूनच भयावह वाटणारा मुलूख होता.

‘ब्लास्फेमस’ (२०१९) हा व्हिडिओ गेम मात्र स्पेनमधील सेव्हिल शहरातच घडला, आणि तेथे हे अंतर उरत नाही. त्याचा नायक मौनव्रती प्रायश्चित्तकर्ता आहे. त्याचे उंच, निमुळते शिरस्त्राण सेव्हिलच्या पवित्र सप्ताहातील मिरवणुकांत चेहरा झाकून चालणाऱ्या प्रायश्चित्तकर्त्यांच्या टोप्यांची आठवण देते. परक्याला भेसूर भासणारे हे रूप त्या शहरातल्या मुलाला बालपणापासून ओळखीचे असते. येथला काळोख घरचाच आहे.

भयानक आणि बीभत्स या रसांच्या आधारे या खेळातील रक्तलांछित प्रतिमांची संगती लावता येईल; पण त्यांतून झिरपणाऱ्या कारुण्याचे काय? त्याचे उत्तर चित्रांपेक्षा खेळाच्या नियमांत अधिक सापडते. नायक मेला की पुन्हा उठतो, परंतु मृत्यूच्या जागी त्याच्या अपराधाचा अंश मागे राहतो आणि त्याची शक्ती उणावते. तो अंश परत जाऊन उचलावा लागतो, किंवा पापनिवेदनाच्या मूर्तीपुढे अश्रू मोजून त्यातून मोकळे व्हावे लागते. कारण या जगातले चलनच प्रायश्चित्ताचे अश्रू आहे. कथेतही एका अपराधग्रस्त तरुणाने शिक्षेची याचना केली आणि ती शब्दशः मान्य झाली: तो ज्या ओंडक्यावर गुडघे टेकून होता, त्याच्याच लाकडाने त्याला पिळवटून वेढले.

वाचक प्रायश्चित्ताचे वर्णन वाचतो. खेळाडूला ते करावे लागते. श्रद्धा नसलेला हातही नायकाला पुन्हा पुन्हा गुडघे टेकायला लावतो. श्रद्धेवाचून विधी केवळ पोकळ उरतो, या आपल्या समजुतीला येथे तडा जातो. ऐहिक झालेल्या मनाने क्षमा करणारा सोडला, पण अपराधाची जाणीव त्याच्यापाशी राहून गेली. या प्रतिमा त्या निराधार जाणिवेला निदान एक आकार देतात. त्या क्षमेचे आश्वासन देत नाहीत, हेच त्यांचे भय. आणि बहुधा त्यांचा प्रामाणिकपणाही.