वाट राखणारे

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसले की समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवरायांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. एकट्या किल्ल्याने समुद्राची वाट राखता येत नाही. म्हणून भोवती पद्मगड, राजकोट, सर्जेकोट उभे राहिले, तिथे शिबंदी बसली. डोंगरी गडांच्या घेऱ्याची राखण महार, रामोशी, बेरड करीत. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आता राखायची वाट रेल्वेची. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली. ५० हून अधिक प्रवासी गेले. पावसाळ्यात गस्तवाले बॅटरी घेऊन रात्री रुळांवरून चालतात.

वाचकहो, गावी जाताना खिडकीतून तो उजेड दिसला, तर मुलांना जरूर दाखवा.