केन लोचकडे परत जाताना

केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाविषयी माझं मत फार लवकर ठरलं होतं आणि ते बरीच वर्षं टिकलं. माणूस सच्चा, बाजू योग्य, पण सिनेमा म्हणाल तर मोर्चात वाटल्या जाणाऱ्या पत्रकासारखा. गरीब माणूस चांगला, साहेब वाईट, शेवटी अन्याय आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी. २०१६ साली ‘आय, डॅनियल ब्लेक’ला कान महोत्सवात पाम द’ऑर मिळालं, तेव्हा परीक्षकांनी चित्रपटाला नव्हे, विषयाला बक्षीस दिलं असं मी ठासून सांगत असे. आज मी तसं म्हणणार नाही. का म्हणणार नाही ते सविस्तर लिहायला हवं, कारण हे मत माझ्या एकट्याचं नव्हतं. फिल्म सोसायट्यांत सिनेमा बघायला शिकलेल्या अनेकांचं ते आजही आहे.

आम्ही सिनेमा शिकलो तो प्रतिमांमधून. ब्रेसाँ, तारकोव्हस्की, आपले राय आणि घटक. कॅमेरा कुठे ठेवलाय, शॉट किती वेळ धरून ठेवलाय, ध्वनी कुठून येतोय, यावर रात्र रात्र चर्चा व्हायच्या. त्यात मराठी वाचकाच्या मनात फडके आणि खांडेकर यांच्या वादाने घालून दिलेली फाळणी होतीच. इकडे कलेसाठी कला, तिकडे जीवनासाठी कला. एकदा ही वाटणी मान्य केली की बांधिलकी मानणाऱ्या कलावंताची कला निरखून बघायचं कारणच उरत नाही. त्याचा विषय बघायचा, त्याच्या कळकळीला मान द्यायचा आणि पुढे जायचं. लोचला मी असाच मान देऊन बाजूला ठेवला होता.

मत हललं ते ‘केस’मुळे. १९६९चा चित्रपट, बॅरी हाइन्सच्या कादंबरीवरून केलेला. यॉर्कशायरमधलं बार्नस्ली, कोळशाच्या खाणींचा मुलूख. बिली कॅस्पर हा शाळेतला शेवटचा काळ काढणारा मुलगा. बाप घर सोडून गेलेला, जड नावाचा थोरला भाऊ खाणीत कामाला, आई आपल्या विवंचनेत. बिली एका पडक्या भिंतीतल्या घरट्यातून केस्ट्रेल जातीच्या ससाण्याचं पिल्लू काढतो, ससाणे पाळण्याविषयीचं पुस्तक दुकानातून चोरतो आणि त्या पाखराला शिकवतो. गोष्ट एवढीच. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात गरीब मुलगा आणि निर्दय शाळा दिसली होती. खूप वर्षांनी तो पुन्हा बघताना मी ठरवून फक्त कॅमेऱ्याकडे बघितलं.

छायाचित्रण ख्रिस मेंगेसचं. हा कॅमेरा बहुतेक वेळा लांब उभा असतो आणि लांब लेन्सने बघतो. तो माणसांच्या घोळक्यात घुसत नाही, भावना दाखवण्यासाठी चेहऱ्यावर झेपावत नाही. प्रकाशयोजना नटाच्या चेहऱ्यासाठी केलेली नसते. खोलीत खिडकीतून येईल तसा उजेड पसरलेला असतो, त्यामुळे नट कुठेही चालू शकतो, जमिनीवरच्या खुणेवर पाय ठेवायची त्याला गरज नसते. मेंगेस झेक छायाचित्रणकार मिरोस्लाव्ह ओंद्रिचेक याच्याबरोबर काम करून आला होता आणि झेक नवसिनेमाचा तो शांत, न ढवळणारा कटाक्ष त्याने यॉर्कशायरला आणला. ज्याला मी ‘इथे काही केलेलंच नाही’ असं समजत होतो, ते किती विचार करून केलेलं होतं हे तेव्हा लक्षात आलं. दिग्दर्शकाने स्वतःचा हात दिसू द्यायचा नाही, ही शिस्त पाळायला ब्रेसाँइतकाच निग्रह लागतो.

वर्गातला प्रसंग आठवा. फार्दिंग मास्तर बिलीला उभं करतात आणि पाखराविषयी बोलायला लावतात. कोपऱ्यात अंग चोरून बसणारा हा पोरगा हळूहळू खुलतो. पायाच्या वाद्या, दोरी, पाखरू पहिल्यांदा मोकळं सोडलं तेव्हा छातीत झालेली धडधड, सगळं सांगतो. बिली झालेला डेव्हिड ब्रॅडली हा त्याच भागातल्या शाळेतला मुलगा, आणि चित्रीकरणासाठी वापरलेल्या ससाण्यांना हाताळायला तो खरोखरच शिकला होता. मास्तर झालेला कॉलिन वेलंड आधी खरा शिक्षक होता. त्यामुळे एक जण माहीत असलेलं सांगतोय आणि दुसरा खरंच ऐकतोय, एवढंच पडद्यावर घडतं. संगीत नाही, क्लोजअपची घाई नाही. या प्रसंगात लोचने शाळेवर केलेली टीका शब्दांत कुठेच नाही. एवढी बुद्धी असलेल्या मुलाला ही व्यवस्था खाणीतच पाठवणार, हे तुम्हाला स्वतः कळतं आणि मन जड होतं. पुढे नोकरी सुचवणारा अधिकारी त्याच्याशी बोलतो तेव्हा तो अधिकारीसुद्धा दुष्ट नाही. त्याच्यासमोर दिवसभर अशीच मुलं येऊन गेलीत. ‘साहेब वाईट’ हे माझं सूत्र इथेच तुटलं.

बोलीचा मुद्दाही सांगायला हवा. बार्नस्लीच्या माणसांनी बार्नस्लीचंच बोलायचं, हा लोचचा आणि निर्माता टोनी गार्नेटचा आग्रह होता. पैसा युनायटेड आर्टिस्ट्सचा, आणि ही बोली त्या कंपनीच्या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या डोक्यावरून गेली. खुद्द ब्रिटनमध्येही चित्रपट प्रदर्शित करायला वितरक कचरत होते. १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शतकातल्या सर्वोत्तम १०० ब्रिटिश चित्रपटांची यादी केली तेव्हा ‘केस’ सातव्या क्रमांकावर होता. नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त जब्या काळ्या चिमणीमागे धावतो, तेव्हा मला बिली आठवतो. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असा माझा दावा नाही. माणसांना त्यांच्या स्वतःच्या बोलीत, त्यांच्याच मातीवर उभं केलं की दोन वेगळ्या देशांतले चित्रपट इतके जवळ येतात, एवढं मात्र खरं.

लोचचा स्वतःचा प्रवास मी यानंतर वाचला. १७ जून १९३६ रोजी वॉरिकशायरमधल्या ननीटन गावी जन्म. वडील कारखान्यात इलेक्ट्रिशियन. शिष्यवृत्तीच्या जोरावर ग्रामर स्कूल आणि तिथून ऑक्सफर्डला कायद्याचं शिक्षण. वकिली न करता तो नाटकात गेला, १९६३ साली बीबीसीत दिग्दर्शनाचा उमेदवार झाला. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ दाखवलं गेलं. घर गमावणाऱ्या एका तरुण जोडप्याची ही गोष्ट सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिली. शेवटी रेल्वे स्टेशनवर आईच्या कुशीतून मुलं ओढून नेली जातात. देशभर खळबळ माजली, संसदेत चर्चा झाली. मात्र माणसं बेघर होणं थांबलं नाही. लोकांना हळहळ वाटली म्हणून व्यवस्था बदलत नाही, हे लोचने तेव्हा ओळखलं आणि त्याचं राजकारण अधिक धारदार झालं. प्रेक्षकाला रडवून समाधानी होणारा दिग्दर्शक असं मी त्याला समजत होतो. वयाच्या तिशीतच त्याला ते अपुरं वाटू लागलं होतं.

मग १९८० चं दशक आलं. थॅचरबाईंच्या काळात त्याचं काम जवळपास बंद पडलं. कामगार संघटनांच्या नेतृत्वावर त्याने चॅनेल फोरसाठी केलेली ‘क्वेश्चन्स ऑफ लीडरशिप’ ही मालिका दाखवलीच गेली नाही. खाणकामगारांच्या १९८४च्या संपावरचा ‘विच साइड आर यू ऑन?’ ज्या वाहिनीने करायला सांगितला होता तिनेच नाकारला, आणि तो दुसरीकडून प्रसारित करावा लागला. घर चालवण्यासाठी लोचने जाहिराती केल्या, त्यात मॅकडोनाल्ड्सचीही होती. त्याचं शल्य त्याने पुढे उघडपणे बोलून दाखवलं आहे. या वर्षांमुळे मला तो जास्त समजला. बाजू घेण्याची किंमत त्याने आपल्या ऐन उमेदीतली जवळपास दहा वर्षं देऊन मोजली आणि १९९१ मध्ये ‘रिफ-रॅफ’ घेऊन तो परतला. बांधकाम मजुरांवरच्या या चित्रपटाची पटकथा बिल जेसी या बांधकामावर काम केलेल्या माणसाची होती, आणि नट निवडताना त्यांना ते काम येतं का हे बघितलं होतं.

त्याची काम करण्याची पद्धत इथून पुढे पक्की झाली. चित्रीकरण कथेच्या क्रमाने. नटांना पूर्ण पटकथा आधी द्यायची नाही, थोडी थोडी द्यायची. पुढे काय होणार हे पात्राला माहीत नाही, तर नटालाही नाही. या पद्धतीतली एक गोष्ट मला आजही खटकते, ती लपवत नाही. ‘केस’मध्ये हेडमास्तर मुलांना छड्या मारतात त्या खऱ्या आहेत आणि निरोप घेऊन आलेल्या लहानग्याचं रडणंही खरं आहे. मुलांना त्याचे जादा पैसे दिले गेले. तरीही लहान मुलाच्या वेदनेतून मिळवलेलं सत्य मला मान्य नाही. मत बदललं म्हणजे सगळंच पटलं असं होत नाही.

पण हीच पद्धत प्रौढ माणसांसोबत काय देते ते ‘लँड अँड फ्रीडम’मध्ये बघावं. १९९५चा हा चित्रपट स्पेनच्या यादवी युद्धावर आहे. फ्रँकोच्या सैन्याकडून एक गाव सोडवलं जातं आणि जमीनदाराच्या वाड्यात गावकरी आणि बाहेरून आलेले लढवय्ये सभा घेतात. प्रश्न एकच: जमीन सगळ्यांची करायची का? पेपे नावाचा कूळ शेतकरी म्हणतो, मी राबून माझा तुकडा चांगला ठेवलाय, तो मी का सोडू? दुसरा म्हणतो, अर्धी क्रांती केली तर तेच पुन्हा डोक्यावर बसतील. अमेरिकेहून आलेला एक जण सांगतो की भांडवलशाही देशांकडून शस्त्रं हवी असतील तर जमिनीचा विषय आता काढू नका. माणसं एकमेकांना अडवतात, स्पॅनिश आणि इंग्रजीत एकदम बोलतात, अडखळतात. दहाएक मिनिटं फक्त वाद. माझ्या माहितीत लोकशाही सभेचं याहून जिवंत चित्रण सिनेमात नाही. डाव्या विचारांच्या या दिग्दर्शकाने विरोधी बाजूच्या माणसाच्या तोंडी सर्वांत दमदार युक्तिवाद दिला आहे. प्रचार करणारा माणूस हे करत नाही.

तेच ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’त. या चित्रपटाला २००६ साली लोचचं पहिलं पाम द’ऑर मिळालं. आयर्लंडमध्ये क्रांतिकारकांचं न्यायालय एका सावकाराला दंड करतं, आणि क्रांतिकारकांचाच एक नेता त्याला सोडवून नेतो, कारण शस्त्रांचा पैसा त्याच्याकडून येतो. त्या एका प्रसंगात पुढच्या यादवीची सगळी बीजं आहेत. इंग्रज सैनिकांचं चित्रण पाहून ब्रिटनमधल्या काही वृत्तपत्रांनी लोचला देशद्रोही ठरवलं. त्यांनी चित्रपटाचा उत्तरार्ध बघितला असता तर त्यांच्या लक्षात आलं असतं की त्याचा खरा घाव भावाने भावावर चालवलेल्या गोळीवर आहे.

मग ‘आय, डॅनियल ब्लेक’कडे मी परत गेलो. शेवटी अंत्यविधीत वाचलं जाणारं पत्र मला अजूनही जास्त बोलकं वाटतं. चित्रपटाने तोवर सगळं सांगून झालेलं असतं. पण न्यूकॅसलच्या फूड बँकेतला प्रसंग आता वेगळा दिसतो. मुलांना खाऊ घालून स्वतः उपाशी राहिलेली केटी फडताळाआड वळते, डबा फोडते आणि हाताने खायला लागते. भोवतालच्या बायका तिथे खरोखर मदत करणाऱ्या कार्यकर्त्या आहेत. कॅमेरा पुढे जात नाही, तिची लाज उघडी पाडत नाही. तिथून थोडं लांब राहणं हा दिग्दर्शकाचा नैतिक निर्णय आहे, आणि तो फ्रेममध्ये घेतलेला निर्णय आहे. कला आणि जीवन अशी जी वाटणी मी करत होतो, तिला इथे जागाच उरत नाही.

‘सॉरी वी मिस्ड यू’ २०१९चा. पार्सलं पोहोचवणाऱ्या रिकीला स्वतःची व्हॅन घ्यायची असते म्हणून बायकोची गाडी विकली जाते. ती घरोघरी वृद्धांची सेवा करते, आता बसने फिरते. लघवीला थांबायलाही सवड नसते म्हणून व्हॅनमध्ये बाटली ठेवलेली. हातातलं यंत्र प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवतं. पुण्या-मुंबईत आपल्या दाराशी येऊन घंटी वाजवणाऱ्या मुलांकडे बघताना हा चित्रपट आठवल्याशिवाय राहत नाही. शेवटी जखमी रिकी घरच्यांना न जुमानता व्हॅन घेऊन निघतो आणि चित्रपट तिथेच थांबतो. उत्तर दिलेलं नाही. २०२३च्या ‘द ओल्ड ओक’मध्ये डरहॅमकडचं खाण बंद पडलेलं गाव आणि तिथे येऊन पडलेले सीरियन निर्वासित आहेत. १९८२च्या संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या गावाची कडवट शांतता ओळखीची वाटेल. हा आपला शेवटचा चित्रपट असेल असं लोचने तेव्हा सूचित केलं. तेव्हा तो ८७ वर्षांच्या घरात होता.

ज्यांनी लोच अजून पाहिलेला नाही, किंवा एखादा पाहून बाजूला ठेवला आहे, त्यांना एक विनंती. सुरुवात गाजलेल्या ‘आय, डॅनियल ब्लेक’पासून करू नका. आधी ‘केस’ बघा, मग ‘लँड अँड फ्रीडम’, मग बाकीचे. बोली समजायला सबटायटल्स लावा, आणि एकदा तरी फक्त कॅमेरा कुठे उभा आहे तेवढंच बघा.