उशाशी बसून बोलताना

माझ्या सासूबाई पक्षाघाताने अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. धाराशिवला आमच्याकडे भेटायला येणाऱ्या बायका त्यांच्या उशाशीच म्हणायच्या, “देवानं सोडवावं हो आता!” मी चहाच्या निमित्तानं उठून जायची. खरं सांगू? एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना माझ्याही मनात तेच आलं.

मग अरुणा शानबाग आठवली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली ही परिचारिका १९७३ साली वॉर्डबॉयच्या हल्ल्यात कायमची जायबंदी झाली. तिला भरवणं थांबवू द्यावं, असा अर्ज पिंकी विराणींनी केला तेव्हा तिथल्या परिचारिका खवळल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, तर त्यांनी मिठाई वाटली! इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एक शय्याव्रण नव्हता. ज्यांनी कुणाला कुशीवर वळवलंय, त्यांना यातलं मोल कळेल. न्यायालयही म्हणालं, तिच्या वतीनं बोलायचा हक्क या सेवा करणाऱ्यांचा. २०१५ साली न्यूमोनियाने ती गेली.

पिंकीताईंचाही मला राग येत नाही. कणव त्यांनाही होतीच की. पण अरुणाला काय हवं होतं, ते कुणालाच विचारता आलं नाही.

आता २०१८च्या निकालाने शुद्धीवर असतानाच आपली इच्छा लिहून ठेवता येते. दोन साक्षीदार लागतात. मी ‘ह्यां’च्यापाशी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ‘ह्यां’नी वर्तमानपत्र उघडलं.