स्वतःच्या आचेवर

पंपाच्या पितळी स्टोव्हला घाई चालत नाही. काडी ओढली आणि पेटला, असं त्याचं नाही. आधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतायचं, किंवा घरोघरी असायचा तो काकडा स्पिरिटात बुडवून बर्नरच्या मानेला अडकवायचा आणि पेटवायचा. मग थांबायचं. दिवसाउजेडी धड दिसतही नाही अशी निळसर ज्योत नळ्यांना चाटत राहते. स्पिरिट संपत आलं की हवेची चावी आवळायची, पंपाचे चार हात मारायचे. थोडी फुसफुस होते, एकदोनदा अडखळतो आणि भरभरायला लागतो.

एकदा लागला की बाहेरची आच नको. टाकीतलं रॉकेल हवेच्या दाबानं नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमधून जाताना त्याची वाफ होते. निपलचं भोक जेमतेम मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. त्यातून वाफ सुसाट बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते, वरच्या चकतीवर आपटते आणि जळते. त्याच जाळानं मागून येणाऱ्या रॉकेलची वाफ होते. वात नाही, काजळी नाही, भांड्याचं बूड काळं होत नाही. ही सगळी युक्ती 1892 साली स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टची. त्यानं स्टोव्हचं नाव ठेवलं प्रायमस, आणि पुढे कुठल्याही कारखान्यातून आलेल्या असल्या स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणू लागले.

आपल्या स्वयंपाकघरातला मोठा स्टोव्ह सगळ्यांच्या ओळखीचा. माझा जीव जडला आहे तो त्याच्या धाकट्या भावावर, प्रायमस 96 वर. पाव लिटरहून थोडी मोठी टाकी, सुटे होणारे पाय, सुटा बर्नर आणि सगळा संसार एका पत्र्याच्या डबीत. तंबूत, होडीत, पाठीवरच्या पिशवीत न्यायला केलेला. जुन्या बाजारात असा एखादा हाती लागतो तेव्हा पितळ काळवंडलेलं असतं, बर्नरवर काजळीचा थर असतो आणि पंपाचा दांडा हिसका दिल्यासारखा वरखाली होतो, आत कसला म्हणून विरोध नाही. बघणाऱ्याला वाटतं, गेलं हे. बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. पंपाच्या टोकाला चामड्याचं वायसर असतं, वाटीच्या आकाराचं. ते वर्षानुवर्षं वाळून आक्रसतं आणि हवा बाजूनं निसटते. वायसर काढायचं, तेलात रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बोटांनी त्याची कड हलकेच बाहेर ओढायची. लाकडासारखं टणक झालेलं चामडं बोटांत मऊ पडतं, पुन्हा वाटी होतं. पंपात बसवून दांडा दाबला की तळहाताला खालून हवेचा रेटा जाणवतो. दुरुस्तीतला हा क्षण मला सगळ्यात आवडतो. पितळ अजून काळंच असतं, तरी स्टोव्ह जिवंत आहे हे कळलेलं असतं.

पितळेला चिंच लावावी, पण आंबटात भिजत टाकून विसरू नये. आम्लात जास्त वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून जातं, वर तांबूस डाग उरतात आणि पत्रा कमजोर होतो. आरशासारखं चकचकीत करण्याच्या मी विरोधात आहे. टाकीवरची अक्षरं घासून पुसट झाली तर त्याची जन्मखूणच जाते. प्रायमसच्या कारखान्यानं 1911 पासून तळाला दर वर्षासाठी वेगळं अक्षर ठोकायला सुरुवात केली होती. त्या अक्षरावरून त्याचं वय कळतं.

त्याच्या स्वभावातली मला मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे तो दुखणं लपवत नाही. ज्योत एका अंगाला कलली किंवा भरभर मंदावली, तर निपलमध्ये कचरा आहे, पिन मारा. ज्योत पिवळी होऊन वर झेपावली, तर बर्नर पुरता तापलेला नव्हता आणि निपलमधून वाफेऐवजी रॉकेलच उडतंय. तेव्हा चावी सोडायची, दाब जातो आणि भडका बसतो. पंपाचा दांडा न ओढता आपोआप वर सरकू लागला, तर पंपाच्या तळाचा झडपेचा खिळा गळतोय आणि टाकीतला दाब उलटा येतोय. असा स्टोव्ह त्या दिवशी पेटवायचाच नाही. प्रत्येक आजाराची खूण वेगळी आणि प्रत्येक भाग साध्या पान्यानं उघडणारा. शंभर वर्षांची वस्तू आज दुरुस्त होते ती यामुळे.

नान्सेन आणि योहानसेन 1895 साली जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेनं निघाले, तेव्हा बर्फ वितळवायला प्रायमसच होता. 1953 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या कुशीत, साधारण 8,500 मीटरवरच्या शेवटच्या तंबूत हिलरी आणि तेनझिंग यांच्यासोबतही. 29 मेच्या सकाळी हिलरींचे रात्री काढून ठेवलेले बूट दगडासारखे गोठले होते. ते स्टोव्हच्या जाळावर धरून मऊ केले, तेव्हा कुठे पाय आत गेले. असल्या थंडीत ब्यूटेन गॅसची नळकांडी मान टाकते, कारण शून्याखाली त्या गॅसची धड वाफच होत नाही. पंपाच्या स्टोव्हला दाब माणसाचा हात देतो, हवामान नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1897 साली बलूनमधून ध्रुवाकडे गेलेल्या आंद्रे आणि त्याच्या दोन साथीदारांचा शेवटचा तळ थेट 1930 साली सापडला. सामानात प्रायमसही होता. माणसं कशानं गेली यावर अनेक तर्क झाले. त्यांतला एक असा, की बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हच्या कार्बन मोनॉक्साइडनं गेली. तर्क खरा असो वा नसो, धोका खरा आहे. तंबूची दारं लावून हा स्टोव्ह कधीही पेटवू नये. आणि रॉकेलच्या स्टोव्हात पेट्रोल कधीही घालू नये.

आपल्याकडे त्याच्या नावावर याहून भयंकर गोष्टी लिहिल्या गेल्या. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वाचत आमची पिढी वाढली. अपघात होतच, हे मान्य. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह, नायलॉनची साडी, पेटत्या स्टोव्हात ओतलेलं रॉकेल. पण कितीतरी घरांत रॉकेल माणसांनी ओतलं आणि नाव स्टोव्हचं सांगितलं. प्रत्येक बिघाड उघड दाखवणाऱ्या वस्तूला पुढे करून माणसांनी खून झाकले. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, 1983 मध्ये 498-अ आणि 1986 मध्ये 304-ब ही कलमं आली, लग्नानंतर सात वर्षांच्या आतल्या अशा मृत्यूंकडे कायदा संशयानं पाहू लागला. जुना स्टोव्ह घासताना हे माझ्या डोक्यातून जात नाही आणि जाऊ नये, असंच मला वाटतं.

आता रेशनचं निळं रॉकेल दिसेनासं झालंय, त्यामुळे स्टोव्हपेक्षा इंधन शोधणं अवघड. तरी डोंगरात जाताना मी तो नेतो. भरभर इतकी की शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं, पण चहा आणि उकळतं पाणी याबाबत त्याचा हात धरणारा कुणी नाही. मंद आच मात्र त्याला जमत नाही. चावी किंचित सैल करून थोडी हवा सोडली तर तो नमतं घेतो, तरी दूध बुडाशी लागतंच. खिचडीला कड येऊ द्यावा, स्टोव्ह बंद करावा आणि झाकलेलं पातेलं जाड चादरीत गुंडाळून अर्धा तास ठेवावं, उरलेल्या वाफेवर ती छान शिजते. भाकऱ्या घरूनच बांधून न्याव्यात.