‘शाया’ आणि ‘शाळा’

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला नियमांचे आकर्षण असते आणि अपवादांचा धाक. धुळ्यात मराठीचे अध्यापन करत बरीच वर्षे काढल्यावर मी रेग्युलर एक्स्प्रेशन शिकायला बसलो, तो याच वृत्तीने. निमित्त साधे होते. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या गावांमधून आमच्या विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. त्या आंतरजालावर ठेवायच्या होत्या. ध्वनिफिती बहुतेक खराब झालेल्या, आणि ओव्या म्हणणाऱ्या बायांपैकी अनेकजणी आज हयात नाहीत. उरली होती ती टंकलेली प्रत, आणि तीही जुन्या फॉन्टमधली.

जुन्या फॉन्टची गंमत अशी की त्यात पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरेच असतात. त्यांना देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो इतकेच. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा कचरा होतो. तो युनिकोडमध्ये आणणे म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवणे, असे आधी वाटते. पण ऱ्हस्व वेलांटी तिथेच आडवी येते. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, उच्चारताना मात्र ‘क’ आधी आणि ‘इ’ मागून. जुने फॉन्ट हाताच्या क्रमाने चालतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. रफाराचे याच्या उलट: ‘सूर्य’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ‘य’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी लागतो. हजारो ओळींत ही अदलाबदल हाताने करणे अशक्य होते, म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशन.

हे प्रकरण मला जळगावच्या एका तरुण प्रोग्रॅमरने शिकवले. सुट्टीच्या दिवशी एस. टी. ने पारोळा, एरंडोल करत जायचे आणि त्याच्यासमोर वही उघडून बसायचे. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे नेमका शब्द न सांगता शब्दाचा आकार सांगणारे सूत्र. ‘[क-ह]’ म्हणजे क पासून ह पर्यंतचे कोणतेही एक व्यंजन. फुलीसारखी चांदणी म्हणजे शून्य किंवा कितीही वेळा. ही चांदणी अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांची. मज्जातंतूंच्या गणिती प्रतिमानाविषयीचा त्यांचा लेख १९५६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ही कल्पना मजकुरात शोध घेण्याच्या कामी लावली. आता हे सूत्र पाहा: ‘([क-ह]्)*[क-ह]’. पाय मोडलेली शून्य किंवा कितीही व्यंजने, आणि शेवटी एक पूर्ण व्यंजन. आम्ही वर्गात अर्धा तास खर्चून सांगतो ती जोडाक्षराची व्याख्या एवढीशी झाली! वेलांटीच्या पुढे असा गट दिसला की गट आधी घ्या, वेलांटी मागे न्या. ‘स्थिर’ जागेवर येतो.

इथे पाणिनीची आठवण होणे अपरिहार्य होते. आधीचे आणि शेवटचे चिन्ह सांगून मधला सगळा वर्णसमूह पकडायचा, ही ‘अच्’, ‘हल्’ या प्रत्याहारांचीच रीत. अष्टाध्यायीत जे बदलायचे ते षष्ठीत, ज्याच्या नंतर बदलायचे ते पंचमीत आणि ज्याच्या आधी बदलायचे ते सप्तमीत सांगितलेले असते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही ‘मागे अमुक असेल तर’ आणि ‘पुढे अमुक असेल तर’ अशा अटी घालता येतात. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असा माझा दावा नाही. पण विभक्तींचे हे काम मला इतके स्पष्ट पूर्वी कधी दिसले नव्हते.

अर्थात हे यंत्र देवनागरीसाठी घडलेले नाही. ‘शब्दातले अक्षर’ यासाठी असलेले तयार चिन्ह काही प्रोग्रॅमिंग भाषांत मात्रांना आणि पाय मोडण्याच्या चिन्हाला अक्षर मानतच नाही. त्याच्या हाती ‘विद्यार्थी’ दिला तर व, द, य, र, थ असे पाच तुकडे परत मिळतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’ नंतर; युनिकोडमध्ये तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसला आहे. त्यामुळे ‘[क-ह]’ म्हटले की ‘ळ’ आपोआप त्यात येतो.

आणि या ‘ळ’पाशीच खरा प्रश्न उभा राहिला. खानदेशच्या बोलीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो: शाळा ती ‘शाया’, डोळा तो ‘डोया’, काळा तो ‘काया’. वेलांट्या, रफार, ओळींचे दंड सगळे बसल्यावर आमच्या एका विद्यार्थिनीने सुचवले, “सर, हेपण एका नियमात होईल. माझी आजी असंच बोलते, पण पानावर ‘शाया’ वाचून बाहेरचे लोक हसतात.” तिच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती. वर्गात बोलीवरून हसणे सोसलेल्या मुलीची ती सूचना होती, आणि तिला ‘बोलीचा अभिमान बाळग’ असा उपदेश करणे मला फार सोपे झाले असते.

मी तिला फक्त ‘काया’ शोधायला सांगितले. संगणकाने क्षणात सगळ्या ओळी पुढे ठेवल्या. कुठे ‘काया’ म्हणजे विठ्ठलाचा काळा रंग, कुठे ‘काया’ म्हणजे देह, आणि काही ओव्यांत दोन्ही अर्थ लागत होते. नियम आकार ओळखतो; या दोन शब्दांचा आकार एकच आहे. कोणता कोणता, हे ओवी म्हणणारीच सांगू शकली असती. ती विद्यार्थिनी बराच वेळ त्या ओळी वाचत राहिली. मग तिने दोन ठिकाणी, आजीला विचारून, अर्थ समासात लिहून आणला. मूळ शब्दाला हात लावला नाही.

त्यानंतर आम्ही एक मर्यादा ठरवली. फॉन्टमुळे, टंकनामुळे जे बिघडले तेवढेच नियमाने दुरुस्त करायचे. तोंडून आलेले बदलायचे नाही. ही मर्यादा नवी नाही. १९०९ साली ज्ञानेश्वरीची प्रत छापणाऱ्या आणि तिच्या जुन्या रूपांवरून तिचे व्याकरण लिहिणाऱ्या वि. का. राजवाडे यांचा शेवट १९२६ मध्ये धुळ्यातच झाला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या गावात आहे. जुने रूप अशुद्ध समजून कोणी सरसकट सुधारले असते तर ते व्याकरण कशाच्या आधारावर लिहिले गेले असते? जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली, ती बोलीसकट. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तरीही त्याच विद्यापीठाच्या परिसरातल्या मुलीला आजीचा शब्द लपवावासा वाटतो, हे कोणत्याही सूत्राने सुटण्यासारखे नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन साहित्याच्या विद्यार्थ्यांनी शिकावे असे मला आता आग्रहाने वाटते. वेळ वाचतो हे कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण हे की नियम लिहिण्यापूर्वी चूक कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि संपादनाचे सगळे शास्त्र त्या एका निर्णयात आहे. आमच्या पानांवर आज ‘शाया’ हा शब्द तसाच आहे. शोधाच्या चौकटीत ‘शाळा’ लिहिले तरी तो सापडतो, कारण ‘शा[ळय]ा’ एवढे सूत्र त्या शोधाला पुरते.