रोहिणीच्या उन्हातली फुलं

उन्हाळ्याच्या शेवटी, कृत्तिका सरून रोहिणी लागते तेव्हा, आमच्या सीमाभागात कुणी बागेचं नाव काढत नाही. भालकी, औराद, बसवकल्याणकडची काळी जमीन मनगट आत जाईल एवढी भेगाळलेली असते, बोअर दम खात चालतं आणि जो तो मिरगाची वाट बघत असतो. मला मात्र माझं अंगण याच दिवसांत सगळ्यात आवडतं. मोगरा, बोगनवेल, खुरचाफा, कण्हेर, मे-फ्लॉवर यांचा भर आत्ताच असतो. इतकी वर्षं माती चिवडून मला पटलेली गोष्ट अशी, की आपली उन्हाळी बाग जेवढी पाण्यावर फुलते तेवढीच तहानेवरही फुलते. कोणत्या झाडाला किती आणि कधी तहान लागू द्यायची हे कळलं, की निम्मं काम झालं.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोसंबी-लिंबाला तो ताण देतो, पानं पिवळी पडून गळू लागली की खत घालतो, पाणी सोडतो आणि बहार धरतो. तोच माणूस घरी येऊन अंगणातल्या सगळ्या झाडांना सारखंच तांब्या-तांब्या पाणी घालतो. मोगऱ्याला पानंच पानं येतात, फूल एक नाही, आणि मग झाड वांझ ठरतं. झाडाचा त्यात काही दोष नसतो.

मोगरा नव्या फुटीच्या शेंड्यावर फुलतो, त्यामुळे वैशाखातल्या फुलांचं काम मार्गशीर्षातच सुरू होतं. तेव्हा मी त्याचं पाणी तोडते. झाड मरगळतं, खालची पानं गळतात, बघवत नाही; पण धीर धरावा लागतो. मग पौषात गुडघ्याच्या उंचीवर छाटायचा, वाळक्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळापासून काढायच्या, बुडाची माती हलवून कुजलेलं शेणखत भरायचं आणि भरपूर पाणी सोडायचं. चैत्रात पहिला बहर येतो. तो ओसरला, की फुलून गेलेले शेंडे बोटभर खुडायचे. तिथून दोन-दोन फुटवे निघतात आणि रोहिणीत पुन्हा कळ्या दिसतात. मदनबाणाची कळी लांबट, बटमोगऱ्याची गोल आणि घट्ट. गजऱ्याला कळी हवी असेल तर ती उमलण्याआधी, ऊन कलण्याच्या सुमाराला काढावी. संध्याकाळी ती हातातच उमलू लागते. बीदरच्या चौबाऱ्याजवळ गजरे मोळावर, म्हणजे हातानं मोजून मिळतात, पण पाणी शिंपडून ताज्या ठेवलेल्या त्या कळ्यांना घरच्या कळीचा वास नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

काळ्या मातीत मोगऱ्याचं एक दुखणं हमखास निघतं. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी घालतात. आमच्या काळीत चुनखडी असते, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावा. नवी पानं हिरवी निघतात. मुळाशी शेणखत आणि पालापाचोळा सतत पडत राहिला, तर हा त्रास पुढे कमी होत जातो.

माझं माहेर बीदरचं, सासर भालकीचं. दोन्हींत अंतर थोडं, पण माती अगदी वेगळी. बीदर जांभ्याच्या पठारावर वसलं आहे. तांबडा, सच्छिद्र दगड पावसाचं पाणी आत मुरवून घेतो आणि खालच्या काळ्या कातळाशी ते अडतं. झरणी नरसिंहाच्या गुहेत कमरेपेक्षा वर पाणी असतं आणि नानक झिऱ्याला झरा वाहतो, त्यामागे हीच रचना आहे. नौबादचा करेझही याच पाण्यासाठी. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीनं जमिनीखालून खोदलेला तो बोगदा उतारानं पाणी वाहून नेई, आणि उजेड-वाऱ्यासाठी वर ठिकठिकाणी विहिरींसारखी तोंडं ठेवलेली. फुलझाडांच्या गोष्टीत करेझ आणते याला कारण आहे. तांबड्या मातीतून पाणी झटकन निथळतं, म्हणून माहेरच्या अंगणात खुरचाफा आणि बोगनवेल जशी फुलायची तशी भालकीत फुलवायला मला कष्ट पडले. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि या झाडांची मुळं ओलीत बसली की कुजतात. शेवटी मी खड्ड्यात निम्मा मुरूम भरला आणि बुडाशी उंचवटा केला, तेव्हा चाफा रमला.

चाफ्याची रीत मला फार आवडते. थंडीत पानं टाकून देतो, नुसती जाड बोटं उरतात, आणि कडक उन्हात त्याच उघड्या फांद्यांच्या टोकाला गुच्छ येतात. रात्री त्याचा वास वाढतो. त्या वासावर मोठे पतंग येतात खरे, पण फुलात मध नसतोच; पतंग फसतात आणि परागीभवन होऊन जातं.

बोगनवेल मात्र मला शेजारच्या अक्कांनी शिकवली. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी वेलीला बादलीनं पाणी घालत होते. अक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, “ब्याड तंगी, नीर हाकब्याड, हूव बर्ताव.” पाणी घालू नकोस, फुलं येतील. जमिनीतल्या वेलीचं पाणी त्यांनी पार बंद करायला लावलं. पानं सुरकुतली, निम्मी गळली आणि मग सबंध भिंत राणी रंगानं भरून गेली. तो रंग खरं तर फुलाच्या भोवतीच्या पानांचा. फूल आत असतं, बारीक पांढरट नळी. कागदासारखी ती पानं लवकर सुकत नाहीत, म्हणून या उन्हातही रंग आठवडेच्या आठवडे टिकतो.

सगळ्यांनाच असं तहानेलं ठेवता येत नाही, हेही तितकंच खरं. अबोलीला ताण सोसत नाही, एक दिवस चुकला तरी माना टाकते. जास्वंद पाणी कमी पडलं की कळ्याच गाळते, आणि अशक्त झाडावर पिठ्या ढेकूण चढतो. त्यावर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क, दोन्ही आलटून पालटून. या दोघींना मी पूर्वेच्या भिंतीशी ठेवते, पश्चिमेच्या बाजूनं तुराट्यांचा तट्टा उभा करते आणि मुळाशी तुरीचं भूस पसरते. इकडे तुरीला तोटा नाही. अबोलीच्या वाफ्यात साधं भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं आहे. ते भरून वर झाकण ठेवलं, की पाणी झिरपत मुळांपाशीच जातं. पाणी घालायचं ते पहाटे. दुपारी तापलेल्या कुंडीत घातलं तर मुळं भाजतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा त्यांची तशी आमचीही, त्यामुळे इकडेही घागरीला मोल आलं होतं. त्या वर्षी मी फुलझाडांसाठी स्वच्छ पाण्याचा थेंब वापरला नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी अबोलीला, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी सदाफुलीला आणि कण्हेरीला. साबणाचं पहिलं पाणी घालू नये, त्यातला क्षार आमच्या मातीत साठून राहतो. जास्वंद गेली. कण्हेर, सदाफुली, बोगनवेल, चाफा टिकले, आणि नुसते टिकले नाहीत तर फुलले. देवाला वाहायला फूल नाही असा एक दिवस त्या उन्हाळ्यात गेला नाही. तेव्हापासून या चार झाडांबद्दल मला जे वाटतं, ते मी आदराशिवाय दुसऱ्या शब्दात सांगू शकत नाही.

मे-फ्लॉवरची तऱ्हा वेगळी. हा आफ्रिकेतला कंद, हिवाळ्यात मातीखाली निजलेला. तेव्हा कुंडी रिकामी समजून कुणी पाणी घातलं की तो सडतो. म्हणून मी कुंडीवर खडूनं खूण करते. वळवाचा एखादा शिडकावा झाला, की पानाआधीच दांडा वर येतो आणि त्यावर शेकडो बारीक फुलांचा लाल गोळा उघडतो. जेमतेम आठवडाभर राहतो, पण मुलं रोज बघायला येतात.

कलबुर्गीला माझी नणंद गच्चीवर कुंड्या ठेवते. बीदर सहाशे मीटरच्या वर आणि कलबुर्गी साडेचारशेच्या आसपास, त्यामुळे तिकडचं ऊन आमच्यापेक्षा चढं. गच्चीवर तिनं काळ्या प्लॅस्टिकच्या जागी मातीच्या कुंड्या घेतल्या, त्या विटांवर उचलून ठेवल्या, आणि ऑफिस टाइमच्या फुलांची कड भिंतभर लावली. दहाच्या उन्हात ती जी उघडतात, ती ऊन उतरेपर्यंत. तिच्याकडे एक गुलाबही आहे. तिथल्या ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याचा उरूस चांद्र महिन्यानं येतो आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या काही वर्षांत तो मे महिन्यात आला. भर उन्हाळ्यात चादरीला गुलाब हवा असतो. तिच्या शेजारच्या खालाजान मूठभर पाकळ्या तिच्या गच्चीवरून घेऊन जातात.

मृगाचे दोन पाऊस पडले, की वाटण्याचं काम निघतं. मोगऱ्याची खालची फांदी वाकवून, तिची साल थोडी खरवडून मातीत दाबायची आणि वर दगड ठेवायचा. पावसाळ्यात तिला मुळ्या फुटतात. चाफ्याची हातभर फांदी कापली, की लगेच लावू नये. आठवडाभर सावलीत ठेवून चीक वाळू द्यावा, नाही तर ती बुडातून कुजते. अक्कांनी यंदा मे-फ्लॉवरचे दोन कंद मागितले आहेत. त्याची पानं वाळेपर्यंत त्यांना थांबावं लागेल. नणंदेला चाफा हवा आहे, आणि गच्चीवर तो कुंडीत होत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं आहे. होतो. कापलेलं पिंप घ्यावं, बुडाला चार भोकं पाडावीत, निम्मा मुरूम भरावा आणि हिवाळ्यात त्याच्याकडे बघूही नये.