सर्व्हिस सेंटर ते सिव्हिल लाइन्स

नागपूर हे बाइकवरून बघायचं शहर आहे. रुंद सिमेंट रोड, कडेला कडुनिंब आणि चौकाचौकात तर्री पोह्यांचा ठेला. सकाळी सेमिनरी हिल्सची चढण, संध्याकाळी फुटाळा आणि रविवारी पोट्टे जमले की थेट रामटेक! वर्धा रोडवर तर डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा हा डबल डेकर पूल २०२२ मध्ये गिनेस बुकात गेला. भर उन्हात त्याच्या सावलीतून बाइक काढायची मजा काही औरच.

पण याच शहरात आणखी एक टूर आहे. ती कुठल्याही टुरिस्ट मॅपवर नाही आणि हौसेने तर कुणीच करत नाही. नव्याकोऱ्या बाइकची सर्व्हिसिंग बिघडली की ती आपोआप सुरू होते. आधी शोरूमचा काउंटर, मग वर्कशॉप, मग गल्लीतला मिस्त्री आणि फारच झालं तर सिव्हिल लाइन्स!

हसू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलाय आणि बाइक अकरा दिवसांपासून वर्कशॉपमध्ये पडून आहे, असं जरा इमॅजिन करा. २०१९ पासून मेट्रो आहे, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर असे तिचे दोन मार्गही झाले. पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस ही दोन टोकं बहुतेकांची आजही स्वतःच्या दोन चाकांवरच आहेत. बुटीबोरी असो, हिंगणा एमआयडीसी असो की गायत्रीनगरचं आयटी पार्क, गाडी बंद म्हणजे माणूस बंद. वर ईएमआय मात्र एकही दिवस बंद नाही!

तर चला, हेल्मेट घाला. निघूया.

पहिला स्टॉप : काचेच्या अलीकडे

वर्धा रोड घ्या, अमरावती रोड घ्या नाहीतर कामठी रोड. शोरूम सगळीकडे सारखीच. गारेगार एसी, कॉफी आणि डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढा आणि हातात भलीमोठी पुठ्ठ्याची चावी देऊन फोटो. त्या फोटोत सगळे हसत असतात, कारण तो सेल्सचा फोटो असतो. सर्व्हिसचा फोटो कुणी काढत नाही.

इथेच पहिली गोष्ट डोक्यात पक्की करायची. बोर्डावर नाव कंपनीचं असलं तरी दुकान बहुतेक वेळा डीलरचं असतं. कंपनी गाडी बनवते, डीलर ती विकत घेतो आणि आपल्याला विकतो. सर्व्हिसिंगही तोच करतो. त्यामुळे "कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, काळजी नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. कंपनीचा माणूस म्हणजे एरिया सर्व्हिस मॅनेजर. तो बऱ्याच डीलरांकडे लक्ष ठेवतो आणि काउंटरवर सहसा दिसत नाही. पण तो आहे, हे माहीत असलेलं बरं!

दुसरा स्टॉप : काउंटर

सकाळी साडेनऊ. समोर सर्व्हिस ॲडव्हायझर, मागे पंधरा गाड्यांची लाइन. तुम्ही सांगता, "थंड इंजिन पहिल्या झटक्यात स्टार्ट होत नाही आणि चाळीसच्या वर गेली की पुढच्या चाकातून आवाज येतो." तो मान हलवतो आणि टाइप करतो, "जनरल चेकअप."

बस्स, खेळ इथेच संपला!

संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून चकाचक मिळते. आवाज मात्र जसाच्या तसा. तक्रार केली की ठरलेली उत्तरं येतात. "एवढा आवाज तर करतेच ना भाऊ नवीन गाडी." "टेन्शन काहून घेता, उद्या होऊन जाते." आणि सगळ्यात फेमस म्हणजे, "पार्ट येऊन राहिला!" तो पार्ट कुठून येऊन राहिला आणि किती दिवसांपासून, हे बहुधा झिरो माइलच्या चार घोड्यांनाच ठाऊक.

यातल्या प्रत्येक ॲडव्हायझरला व्हिलन ठरवायचं कारण नाही. दिवसभरात ठरावीक गाड्या बाहेर काढायचं प्रेशर त्याच्यावर असतं. पण त्याच्या प्रेशरची किंमत आपण का मोजायची? म्हणून काउंटरवरची ही पाच मिनिटं सोडायची नाहीत.

जॉब कार्डवर तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" दिसलं की नम्रपणे थांबवा. किलोमीटर रीडिंग, पेट्रोलचा काटा, अंदाजे खर्च आणि गाडी कधी मिळणार ती तारीख, हे सगळं त्यावर आलं पाहिजे. विचारल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही आणि बदललाच तर जुना पार्ट परत हवा, हेही लिहून घ्या. मीटरचा आणि टाकीवरच्या ओरखड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. आणि कॉपी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी टेस्ट राइड, मग पेमेंट. प्रॉब्लेम तसाच असेल तर "काम समाधानकारक" वर सही करू नका. त्याच कागदावर लिहा, "आवाज कायम आहे," खाली तारीख टाका. मग एक गंमत होते. ॲडव्हायझर एकदम मऊ होतो. "कंपनीचा फोन येईन भाऊ, तेवढे दहापैकी दहा देऊन द्या ना!" फीडबॅक कॉलवरचे मार्क डीलरसाठी महत्त्वाचे असतात, म्हणून तर ही विनवणी. तेव्हा मार्क फुकट वाटू नका. काम झालं तर जरूर दहा द्या. नसेल झालं तर फोनवरच्या माणसाला जॉब कार्डचा नंबर सांगा.

आणि हो, बिल मागायला लाजू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तिसरा स्टॉप : झाडाखालचा मिस्त्री

प्रत्येक नागपूरकराचा एक मिस्त्री असतो. कडुनिंबाच्या झाडाखाली एक पेटी, दोन स्टूल आणि काळपट कापडाचा बोळा. तो कॉम्प्युटरवर काही टाइप करत नाही. नुसता ॲक्सिलरेटर पिळतो, मान तिरकी करून ऐकतो आणि सांगतो, "बेअरिंग गेलं." एसी लाउंजमध्ये जे अकरा दिवसांत कळलं नाही, ते इथे अकरा सेकंदांत!

तरीही थोडं थांबा. गाडी वॉरंटीत असेल तर त्याच्याकडून फक्त निदान घ्या, गाडी उघडू देऊ नका. एकदा बाहेर नट खोलला की डीलरला आयतं कारण मिळतं, "बाहेर काम केलं ना तुम्ही!" मिस्त्रीने सांगितलेला बिघाड पुढच्या जॉब कार्डवर नेमक्या शब्दांत लिहून घ्या. फ्री सर्व्हिसिंगच्या तारखाही चुकवू नका. मॅन्युअलमध्ये दिवस आणि किलोमीटर दोन्ही दिलेले असतात, आणि जे आधी भरेल ते धरतात.

चौथा स्टॉप : गाढव, पेट्रोल आणि १९१५

या टप्प्यावर डोकं फिरतं. साहजिक आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत एका ग्राहकाने आपली बंद पडलेली ओला इलेक्ट्रिक स्कूटर चक्क गाढवाला बांधून गावभर फिरवली. अख्ख्या देशात बातमी झाली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटकातल्या कलबुर्गीत तर सर्व्हिसला वैतागलेल्या एका तरुणाने त्याच कंपनीच्या शोरूमला आग लावली. वय २६, पेशाने स्वतः मेकॅनिक. त्याची स्कूटर दुरुस्त झाली नाही, उलट त्याला अटक झाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट शांतपणे घडत होती. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथे या एकाच कंपनीविरुद्ध वर्षभरात दहा हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. कंपनीने नंतर ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचं सांगितलं. ते खरं की खोटं हा वेगळा वाद. पण एवढ्या मोठ्या कंपनीला लेखी उत्तर द्यायला लावलं ते नंबर पडलेल्या तक्रारींनी. गाढवाची बातमी दोन दिवसांत विरली.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला ईमेल. मग कंपनीच्या कस्टमर केअरला, आणि तिथून तक्रार क्रमांक घ्यायचा. मग १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कंपनीला आदेश देत नाही, तक्रार पुढे पाठवून तडजोड घडवते. पण बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

शेवटचा स्टॉप : सिव्हिल लाइन्स

नाही मिटलं, तर चला नागपूरच्या सगळ्यात निवांत भागात. जुनी डेरेदार झाडं, इंग्रजांच्या काळातले बंगले, हिवाळी अधिवेशनात गजबजणारं विधानभवन. इथल्याच प्रशासकीय इमारतीत जिल्हा ग्राहक आयोग बसतो. नाव ऐकून घाबरू नका. ही जागा आपल्यासारख्यांसाठीच आहे.

ग्राहकांची चळवळ आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी असा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, जुलै २०२० पासून. त्यातल्या चार गोष्टी पाठच करा. वकील लागत नाही, तक्रार स्वतः मांडता येते. वस्तूची किंवा सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात ती करता येते. म्हणजे बाइक हिंजवडीच्या नोकरीत असताना पुण्यात घेतली आणि आता नागपुरात परतलात, तरी चालतं. पावतीवर "पुणे न्यायालयाच्या अधीन" छापलेलं असलं तरी! शिवाय २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

दोन पथ्यं मात्र पाळा. पहिलं, प्रतिवादी नीट निवडा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात गोव्याचं एक प्रकरण होतं. डीलरने जुनी, चाललेली कार नवी म्हणून विकली होती. डीलरच्या या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध न झाल्याने कोर्टाने टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही. म्हणजे नुसत्या कंपनीवर रुसून भागत नाही, डीलरही समोर हवा. दुसरं, मागणी मापात ठेवा. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वॉरंटी पार्टपुरती असेल तर सदोष पार्ट बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही. "नवी बाइकच द्या" म्हणून हटून बसण्यापेक्षा दुरुस्ती, झालेला खर्च आणि त्रासाची भरपाई मागितलेली बरी.

निकालाला किती वेळ लागेल? कायदा म्हणतो तीन महिने, आणि तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आधीच मनात धरा. पण आदेश झाला आणि तो पाळला नाही, तर तुरुंगवासापर्यंतची तरतूद आहे. म्हणून तर नोटीस गेली की बरेचदा तो "येऊन राहिलेला" पार्ट एकदम येऊन पोहोचतो!

आणि आयोगासमोर काय विचारलं जातं? तुम्ही काउंटरवर किती मोठ्याने ओरडलात, हे नाही. तुमच्याकडे कागद काय आहे, हे. तीन जॉब कार्डं, तिन्हींवर तीच तक्रार, तीन वेगळ्या तारखा. वकिलाच्या तासाभराच्या भाषणापेक्षा ही तीन पानं जास्त बोलतात. सिव्हिल लाइन्सची केस त्या पहिल्या सकाळी साडेनऊलाच अर्धी जिंकलेली किंवा हरलेली असते.

म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला जाल तेव्हा आवाज चढवू नका. छान हसा, काउंटरवर कोपर टेका आणि अस्सल नागपुरी थाटात एवढंच म्हणा, "भाऊ, जॉब कार्डची कॉपी देऊन द्या बरं."